क्रुसाजवळ दाखवलेलं घर

आई, जय ख्रिस्त.

मी मस्कतला बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं. फोनवर डॅडी सगळं ऐकतात, म्हणून सुट्टीवर निघालेल्या मर्विनच्या हाती हे पत्र देतोय.

ती नर्सिंग कॉलेजची पोरगी मोबाइलच्या नकाशात घरं टिपत फिरते, दवाखाना कुणाला किती लांब पडतो ते बघून लांबच्यांच्या घरी नर्स पाठवायला. मला पटलंच नाही. नकाशा आला की मागून बिल्डर येतो. डॅडींनी तिला “आमचं घर इथंच” म्हणून रस्त्यावरचा क्रूस दाखवला, तेव्हा मी खूश झालो. अख्ख्या आळीने तसंच केलं म्हणे.

पण आता झोप लागत नाही. नकाशात आपण सगळे रस्त्याला लागून, मग नर्स आत वाडीत कशाला येईल? रिक्षा तर येतच नाही. डॅडींच्या पायाची जखम अजून ओली आहे ना? ड्रेसिंगला त्यांना धरून कोण नेतं? तू एकटीच?

त्या पोरीवर माझा अजून भरवसा नाही. आधी कॉलेजात फोन लावून विचार. खरी निघाली तर डॅडी दुपारी झोपल्यावर तिला आत आण, आपलं घर दाखव. सातबारा मागितला तर हाकलून दे.

डॅडी ओरडले तर माझं नाव सांग.

तुझा,
स्टॅनी