लाल-सातचं विरजण

२७ ऑक्टो., सोम., देवास
दिवाळीची सुट्टी संपवून धारहून थेट लॅबवर. कल्चर रूम उघडली तर लाल-७ चा, माझ्या लाल पेशींचा, एकही फ्लास्क नाही! शेल्फवर सगळे पांढरे, साबुदाण्यासारखे फुगलेले. तोमर सरांना विचारलं. नवे मॅनेजर, आल्याला महिनासुद्धा झाला नाही.
"वो लाल वाले सुस्त थे मैडम, बढ़ ही नहीं रहे थे. फिंकवा दिए. जो तेज़ बढ़े वही चलाओ."
अहो, लाल सुस्तच असतात! सगळी ताकद रंग करण्यात जाते. पांढऱ्यांना काय, खायचं आणि फुगायचं.

२८ ऑक्टो.
अजून डोकं भणभणतंय. आल म्हणजे बारतोंडी, तिच्या मुळांतून कापडाचा लाल रंग निघतो. झाडाची मुळं न उपटता तो रंग फ्लास्कमधल्या पेशींनीच करावा, म्हणून त्यांच्यात जीन घातला. पण घातला म्हणजे झालं, असं थोडंच आहे? दर वेळी नव्या फ्लास्कमध्ये टाकताना सगळ्यात लाल गोळा बघून निवडावा लागतो. चार वर्षं मीच निवडत आले. फ्रीझरमधला साठा उन्हाळ्यात लाइट गेली तेव्हाच मेला, नव्यासाठी "बजेट नाही".
मीटिंगमध्ये सरांचा ग्राफ. पेशींचं वजन वाढलं! टाळ्या. मी हात मांडीखाली दाबून धरले.

२ नोव्हें., रवि., धार
आईला सगळं सांगितलं. तिला जीनबिन कळत नाही, पण ऐकता ऐकता थांबली.
"म्हणजे विरजणाला ठेवलेलं दहीच टाकलं मेल्यानं? कोण गं हा भिया, तुझा साहेब?"
मग म्हणाली, "आणि तू गप्प बसलीस?"
बसले. त्याचाच जास्त राग येतोय.

४ नोव्हें., देवास
पांढरे फ्लास्क एकेक करून उजेडाला धरले. एकात तळाशी, मोहरीएवढा लाल ठिपका!! चिमट्यानं उचलून वेगळ्या प्लेटवर ठेवला. प्लेटवर लाल-७ नाही लिहिलं. "दही" लिहिलं. कुणाला काय कळतंय.

७ नोव्हें.
तोमर सर आज स्वतः माझ्या टेबलाशी. बाग गावच्या छापील कापडाचे, बाग प्रिंटचे व्यापारी येणारेत, लाल रंग बघायला.
"मैडम, आपके पास तो एकाध लाल बचा होगा ना?" आवाज कसा मऊ!
"सर, वो तो सुस्त था."
सर हळूच, "मिल जाए तो मैनेजमेंट को बोलेंगे, हमने नई लाइन निकाली."
हमने!
हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते गेल्यावर प्लेट काढून पाहिली. ठिपका पसरलाय, जिवंत आहे. पण एका कडेनं पांढरं धरायला लागलंय. उद्याच पुन्हा निवडायला हवं, नाहीतर गेलं.
आणि उद्या दिवसभर सर कल्चर रूममध्येच बसणार आहेत.