तुम्ही विकत घेतलेला प्रोग्रॅम

काका, तुमचा डिझाइनचा प्रोग्रॅम ज्याच्यावर चालतो तो माझा जुना कॉम्प्युटर सोमवारी पुन्हा बंद पडला. आधी पंखा घरघरला, मग स्क्रीन निळी झाली, मग काहीच नाही. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "मॅडम, याचे पार्ट आता मिळत नाहीत. भंगारात देऊन टाका. तसंही तुम्ही ते दर महिन्याचं नवीन घेतलंच आहे ना?" घेतलं आहे. तेच तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण नवीन काही केलं की आधी तुमच्या टेबलापाशी जाऊन उभं राहायची, तुमच्या प्रेसमध्ये कामाला असतानाची सवय काही जात नाही.

हल्ली असे प्रोग्रॅम विकत मिळत नाहीत, भाड्याने मिळतात. पैसे भरत राहायचं आणि वापरत राहायचं. भरायचं थांबवलं की आपणच केलेल्या कामाला आपल्याला हात लावता येत नाही. तुम्ही हे ऐकून चष्मा कपाळावर चढवला असता आणि मला पुन्हा एकदा सांगायला लावलं असतं, हे मला माहीत आहे. पण माझा इलाज नव्हता. पिंपळगावचे द्राक्षवाले पेट्यांची डिझाइनं पाठवतात ती तुमच्या प्रोग्रॅममध्ये उघडत नाहीत. दोन वर्षं मी त्यांना "जरा जुन्या पद्धतीत सेव्ह करून पाठवा हो" म्हणत होते. मग तेच दुसरीकडे जायला लागले. नवीन चांगलं आहे, उगाच नावं ठेवणार नाही. फक्त मागच्या मोसमात माझ्या बँकेच्या कार्डाची मुदत संपली आणि भर दुपारी, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, प्रोग्रॅमने काम करू द्यायला नकार दिला. माझ्याच दुकानात मी पाहुण्यासारखी बसून होते. तेव्हा तुमची आठवण आली, आणि खरं सांगते, थोडा रागही आला की तुम्ही मला विकत घेतलेल्या वस्तूची सवय लावून ठेवलीत.

रविवार कारंजाजवळ तुमची प्रेस होती त्या बोळात तेव्हा सगळे कॉपी केलेल्या सीड्या वापरायचे. एकाने आणायची आणि बोळभर फिरवायची. मी एकलहऱ्याच्या कॉलनीतून बसने येणारी, नुकती टायपिंग शिकलेली मुलगी. मला तर प्रोग्रॅम विकत घ्यायची गोष्ट असते हेच माहीत नव्हतं. तुम्ही मुंबईहून तो मागवलात. निळा खोका आला, त्यात एक सीडी आणि एवढं जाड पुस्तक. समोरच्या बाइंडरने विचारलं, "शेठ, एका सीडीसाठी एवढे पैसे? लॉटरी लागली काय?" तुम्ही म्हणालात, "माझ्या कटिंग मशीनची पावती आहे, याचीही असू दे." त्या दसऱ्याला ऑफसेट मशीनला, कटरला झेंडूचे हार घातले आणि खोक्यालाही हळदीकुंकू वाहिलंत. मी तोंड दाबून हसले होते. तुम्ही ते बघितलंत. आता दर दसऱ्याला मी तेच करते आणि माझ्या दुकानातल्या मुली तोंड दाबून हसतात.

तुम्ही मला एकदाच बोललात. सिन्नरच्या एका घरातल्या धाकट्या मुलीची लग्नपत्रिका होती. थोरलीची आपणच केलेली, म्हणून मी तीच फाइल उघडली, नवरानवरीची नावं आणि तारीख बदलली आणि छापायला दिली. आपल्याकडे सगळे असंच करतात. पण दोन लग्नांच्या मधल्या काळात आजोबा गेले होते, आणि मी त्यांना निमंत्रकांत सगळ्यात वर तसंच ठेवलं होतं. प्रूफ त्यांनीही नीट वाचलं नव्हतं, पण ते कसं म्हणणार? मुलीचे वडील आले, पत्रिका काउंटरवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "माझा बाप वारून दीड वरीस झालं ताई, अन् तुम्ही त्याला मांडवात उभा केला. आई लय रडती. आता ह्या वाटायच्या का नाय, तुम्हीच सांगा." मला वाटलं, जमिनीत गडप व्हावं. तुम्ही उठलात, त्यांना पाणी दिलंत, "चूक आमची आहे," म्हणालात. माझं नाव घेतलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी नव्या पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन तुम्ही सिन्नरच्या एसटीत बसला आहात आणि शेजारी मी. एसटी शिंदे-पळशाच्या पुढे जाते. मग तुम्ही खिडकीकडे बघत म्हणता, "जुनी फाइल उघडलीस यात काही चूक नाही. तू ती वाचली नाहीस. तुझ्यासाठी ती फाइल आहे, त्यांच्या घरातली ती माणसं आहेत." एवढंच. मी तिकिटाची घडी घालत बसते, तुम्ही डुलकी काढता. त्या घरात आजींनी नवी पत्रिका हातात घेतली, 'कै.' कुठे लिहिलंय ते नातवाकडून बोट ठेवून बघून घेतलं आणि आपल्याला चहा दिला. त्यानंतर आजतागायत मी एकही पत्रिका गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय छापायला दिलेली नाही. हे माझं सगळं नाव त्या एसटीतल्या तीन वाक्यांवर उभं आहे, काका. तुम्ही असताना हे कधी म्हटलं नाही.

मग मी नाशिकरोडला स्वतःचं दुकान काढलं. तुम्ही पेढे घेऊन आलात, खुर्चीत बसलात, कॉम्प्युटर बघितलात. त्यावर कॉपी केलेला प्रोग्रॅम होता. ते तुम्हाला न कळायला तुम्ही काय लहान होतात? मी चहाचं निमित्त करून बाहेर पळाले. तुम्ही चहा प्यायलात आणि गेलात. आठवड्याने पुन्हा आलात ते निळा खोका पिशवीत घालून. "माझ्या मशीनवरून काढून टाकलाय. एकाच ठिकाणी चालवायचा असतो. मला आता लागत नाही." मी विश्वास ठेवला, कारण सोयीचं होतं. पुढे काकूंकडून कळलं, प्रेस सोडल्यावरही तुम्ही घरी त्याच प्रोग्रॅमवर पत्रिकांची थोडी कामं करत होता. खोका मला दिलात त्या दिवसापासून येईल त्या गिऱ्हाइकाला माझा पत्ता द्यायला लागलात.

आता तो प्रोग्रॅम ठेवायचा की सोडायचा, एवढंच ठरवायचं होतं. मी दुरुस्तीवाल्याला सांगितलं, जुन्या पत्रिकांसाठी ठेवावाच लागेल, त्यातली अक्षरं नव्यात हलतात. त्याने कुठूनतरी तसलाच एक जुना कॉम्प्युटर शोधून आणला आणि काल दुपारी सीडी घातली. खरं तर त्या सगळ्या फाइली मी दिवाळीतच नव्यात आणल्या आहेत आणि थोडे काने-मात्रे सारखे केले की त्या छान उघडतात. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. काम नसलं तरी मी रोज सकाळी दुकान उघडलं की तुमचा प्रोग्रॅम सुरू करते, कारण सुरू होताना चार-पाच सेकंद त्यावर मालक म्हणून तुमचं पूर्ण नाव येतं. तेवढं वाचते आणि मग तो बंद करून नव्यावर कामाला लागते.

सीडी फिरली आणि प्रोग्रॅमने मालकाचं नाव विचारलं. "तुमचंच टाकू ना, मॅडम?" मी तुमचं सांगितलं. त्याने एकेक अक्षर टाइप केलं आणि विचारलं, "हे कोण, शेठ का? कधी दिसले नाहीत. येतात का दुकानात?"

"येतात," मी म्हणाले. "सकाळी लवकर येऊन जातात."