ताईच्या शब्दावर

८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुझी सेक्रेटरी गोड आवाजात सांगते, साहेब मीटिंगमध्ये आहेत. हे साहेब माझ्यासमोर चड्डीशिवाय घरभर भिंगरीसारखे फिरले आहेत, असं तिला सांगावंसं वाटतं, पण कंपनीची अब्रू आड येते. म्हणून पत्र. ते तरी तुझ्या टेबलापर्यंत पोचतं.

नव्या उद्यानासाठी तू पाठवलेली शिकाऊ मंडळी इथे तळ्याकाठी, बाबांच्या उद्यानात आली. पहिल्या दिवशी कडक इस्त्रीत होती. दुपारपर्यंत आकाशपाळण्याच्या ग्रीसने सगळ्यांना आपल्यात घेतलं. पाळणेकाका त्यांना सकाळच्या तपासणीपासून शिकवताहेत. आधी रिकाम्या फेऱ्या, मग वाळूची पोती ठेवून, आणि मग ज्याने तपासलं त्यानेच बसायचं. बाबांच्या वेळेपासूनचा त्यांचा नियम, तो काही सुटत नाही. एकाला वरून उतरल्यावर भोवळ आली आणि बिचारा शरमला. मी त्याला सांगितलं की आमच्या घरातला एक जण लाकडी घोड्यावरून उतरला की भोकाड पसरायचा, आणि आज तोच कंपनी चालवतो. कोण ते सांगितलं नाही. त्यांनी ओळखलं.

त्यांच्यात एक उंच मुलगी आहे, फार चलाख. एका बाजूचे पाळणे भरले आणि समोरचे रिकामे राहिले तर चाक ओढ घेतं, म्हणून माणसं समोरासमोर बसवत जावं लागतं, हे तिने एकदा ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी रांगेतल्या एका भरल्या कुटुंबाची गोड बोलून वाटणी केली. अशी पोरगी मिळायला नशीब लागतं.

एक काळजीचं लिहिते. महामार्गावरच्या नव्या उद्यानाची बातमी इथे पसरली आहे आणि माणसांच्या मनात पाल चुकचुकते आहे. तिकीटमावशींनी काल खिडकीतूनच विचारलं की नवं उघडल्यावर जुन्याचं काय. भावाला विचारून सांगते म्हटलं. तेवढं नीट कळव.

आईला कानाचं यंत्र घालायला लाव. ते डबीत ठेवण्यासाठी घेतलेलं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सेक्रेटरीच्या हाती पडू दिलं नाही. पडलं असतं तर ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

ताई, बाबांनी तळ्याकाठी एक पाळणा आणि घोड्यांचं चक्र घेऊन मांडलेला खेळ आता कुठे पोचलाय बघ. तीन उद्यानं चालू आहेत, हे चौथं. लाटांचं तळं, अंधारगुहा, उलटीपालटी होणारी रेल्वे, सगळं एका ठिकाणी. भागीदार मोठे आहेत, बँकाही मागे उभ्या आहेत. यंत्रं बाहेरून आणता येतात, पण ती चालवणारी भरवशाची माणसं बाहेरून येत नाहीत. ती तुझ्याच हाताखाली तयार होतात. म्हणून ही मुलं तुझ्याकडे पाठवली. त्यांच्यापासून काही राखून ठेवू नकोस.

जुन्या माणसांना म्हणावं, कोणालाही वाऱ्यावर सोडणार नाही. हे तूच सांग. मी सांगितलं तर साहेब बोलून गेले एवढंच होईल. तुझ्या शब्दावर ती मंडळी डोळे मिटून चालतात. आणि गावोगाव पाळणे नेणारा तो मालक काकांना बोलावतोय असं कानावर आलं. त्यांना आत्ताच जाऊ देऊ नकोस. शिकवणं अर्ध्यावर राहील.

आई मजेत आहे. यंत्र घालते, पण मी बोलायला लागलो की काढते.

लोभाचा झरा आटू नये,
तुझा भिंगरी


२ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

काल फाटक उघडण्याआधी सगळ्यांना आकाशपाळण्याच्या चौथऱ्यावर बोलावलं आणि धाकट्याचा निरोप सांगितला. निरोप त्याचा, पण शब्द माझा दिला. म्हटलं, मी इथे आहे तोवर कोणाला घरी बसावं लागणार नाही. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. त्यांची मुलगी कधीची म्हणते आहे की आता बास झालं, माझ्याकडे कायमच्या राहायला या. मावशींनी तिला लगेच कळवलं की इतक्यात येत नाही. पाळणेकाकांनी त्या फिरत्या मालकाला नकार दिला. मला म्हणाले, तुझ्या बापाने हाताला धरून आणलं, तू टिकवलंस, आता म्हातारपणी नवा खुंटा कशाला शोधू. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं गं. बाबा असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं.

एक विचारायचं राहिलं. आठवडाभर तळ्याच्या कडेने काही माणसं दुर्बिणीसारखं यंत्र लावून मोजमाप करताहेत. घोड्यांच्या चक्रामागे त्यांनी रंगवलेल्या खुंट्याही ठोकल्या. विचारलं तर पाण्याच्या खात्याकडून आलोय म्हणाले. जागा तुझ्या नावावर आहे. तुला कोणी काही कळवलं होतं का?

गुडघ्याला शेक घेत जा. नातवाला माझा पापा दे, पळून गेला तर पकडून दे.

तुझ्या मायेची भुकेली,
मोठी


१४ एप्रिल

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. गुडघा आहे तसाच आहे. सूनबाई वेळच्या वेळी औषध देते. नातू तुझा पापा गालावरून पुसून पळाला.

मोजमाप करणाऱ्यांचं म्हणशील तर अशी माणसं आजकाल कुठेही येतात. तू त्यांच्या नादी लागू नकोस. धाकट्यालाही खोदून खोदून विचारू नकोस. त्याच्या डोक्याला किती ताप आहे ते मी रोज बघते. जेवताना घास हातात तसाच राहतो.

तू तरी आणखी किती वर्षं उन्हात उभी राहून लोकांची पोरं पाळण्यात बसवणार? एकटा जीव, आजारी पडलीस तर पाणी द्यायला कोण? इथे तुझ्यासाठी कोपऱ्यातली खोली तयार करून घेतली आहे. पडदे मीच निवडले, निळे. कपाट भिंतीतलं आहे, त्यामुळे तिकडून कपाट आणायची गरज नाही. हळूहळू बांधाबांध करायला घे म्हणजे शेवटी धावपळ होणार नाही.

बाबांचं नाव काढून मनाला लावून घेऊ नकोस. गेलेलं माणूस गेलं, आहेत त्यांनी जपून राहावं.

सुखी राहा, आईवर राग धरू नकोस,
आई


३ मे

भावास,

आज चिरंजीव लिहायला हात वळत नाही. आयुष्य तुला भरपूर लाभो, पण ते आशीर्वाद मनात ठेवते.

आईच्या पत्रात मला बांधाबांध करायला सांगितलं होतं. मला वाटलं म्हातारीचा जीव तुटतोय, म्हणून म्हणते. आज कळलं.

सकाळी तपासणीनंतर मी आणि ती उंच मुलगी पाळण्यात बसलो. खाली काका चाक चालवायच्या दांड्यावर होते. आम्ही अगदी वर पोचलो आणि तिने तळ्याकडे बघून विचारलं की हे सगळं पाडल्यावर तुम्ही नव्या उद्यानात आमच्याबरोबर असाल ना, आम्ही सगळे तीच आशा धरून आहोत. मी म्हटलं, काय पाडल्यावर? पोरीचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं होतं की मला माहीत आहे. कामावर घेतानाच त्यांना सांगितलं होतं म्हणे, की हंगाम संपला की जुनं उद्यान बंद, तिथे घरं उभी राहणार, आणि जुन्या माणसांच्या जागी ही मुलं. ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. वरून उडी मारता येत नव्हती, चाक सावकाश खाली येईपर्यंत तिथेच बसावं लागलं. खाली काका हसतमुख उभे. मला हात देऊन उतरवलं आणि विचारलं की पोरगी घाबरली का. मी हो म्हटलं. आयुष्यात त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले.

त्या माणसांना त्यांच्याच बदलीची माणसं तयार करायला लावलीस, आणि ते माझ्या तोंडून. तुला माणसं कमी करायची होती तर तसं सांगायचंस. मी भांडले असते, रडले असते, पण त्यांनी वेळेत दुसरी सोय पाहिली असती. काकांचं बोलावणं हातात होतं. ते मी घालवलं, तुझ्या सांगण्यावरून.

हे खोटं आहे असं एका ओळीत कळव. मी सगळं मागे घेईन.

ताई


१० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोटं आहे असं लिहिता येत नाही.

तू माझी बाजूही ऐक. तळ्याकाठचं उद्यान चार वर्षं तोट्यात आहे. लोकांना आता लाकडी घोडे नकोत. भागीदारांनी दोनच अटी घातल्या, जुनी जागा विकायची आणि नव्या उद्यानात तरणी माणसं घ्यायची. मी नाही म्हटलं असतं तर चौथं राहू दे, उरलेलीही हातची गेली असती. बाकीच्या उद्यानांतल्या लोकांच्या चुली मी सांभाळायच्या की दहा-बारा म्हाताऱ्यांच्या?

तुला आधी सांगितलं असतं तर तू त्या मुलांना मनापासून शिकवलं नसतंस. मी तुला ओळखतो. नव्या उद्यानाची सगळी सुरक्षा तुझ्या हाती द्यायचं ठरलं आहे. स्वतःचं ऑफिस, हाताखाली तूच घडवलेली मुलं. तू ये. काकांना वगैरे जाताना कंपनी काहीतरी देईलच.

आणि मी एकट्याने सगळं केलं असं समजू नकोस. जागा आईची होती. तिच्या संमतीशिवाय तळ्याकाठचा एक दगड तरी मला विकता आला असता का? तिला पहिल्यापासून सगळं माहीत आहे. तुला सांगायचं नाही, तू दुखावशील, हे तिचंच म्हणणं होतं.

राग गिळून ये, एवढंच मागणं,
भिंगरी


२८ मे

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. धाकट्याने तुला सगळं सांगितलं असं तो म्हणाला. सांगायला नको होतं.

मी ज्याच्या घरात राहते, ज्याच्या पैशाने औषध घेते, त्याने कागद पुढे केला. मी काय करणार होते? तुझंही भलंच होईल असं वाटलं. तुम्ही दोघं माझे दोन डोळे बाळ, एक दुखवून दुसरा जपता येत नाही.

पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे. मंचावर माझ्या शेजारी तुझी खुर्ची ठेवायला सांगितली आहे. चार लोकांत भाऊ-बहीण एकत्र दिसले की मनातलंही हळूहळू जुळतं. येशील ना?

वाट बघते आहे,
आई


३० जून

ती. आईस,
शि. सा. न.

मी आले होते. तुला माहीत आहे, पण तू कोणाला सांगितलं नसशील, म्हणून मीच लिहिते.

त्याआधीचं सांगते. तुझं पत्र येण्यापूर्वीच मी सगळ्यांना पुन्हा चौथऱ्यावर बोलावून खरं ते सांगितलं. मला वाटलं शिव्या घालतील. कोणी आवाज चढवला नाही. तिकीटमावशी एवढंच म्हणाल्या की तुझ्या भावावर आमचा भरवसा कधीच नव्हता, म्हणून तर आम्ही तुला विचारलं होतं. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

काकांना घेऊन मी त्या फिरत्या मालकाकडे गेले. जागा भरली होती. पुष्कळ विनवण्या केल्यावर त्याने काकांना पाळण्याच्या जोडणीला घेतलं, आपल्या मुलाच्या हाताखाली. काका तिथे खांब उचलतात. मावशींच्या मुलीने तोवर खोली भाड्याने देऊन टाकली होती. मावशी सध्या माझ्याकडे आहेत, बसथानकामागे दोन खोल्या घेतल्या आहेत तिथे. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. उद्यानाला कुलूप लागल्यावर मी एका लिफ्टवाल्या कंपनीत तपासणीला लागले आहे. वर-खाली जाणं सुटत नाही बघ.

उद्घाटनाला मी तिकीट काढून आत आले. आकाशपाळण्यापाशी ती उंच मुलगी होती. मी रांगेत उभी राहिले, माझी पाळी आल्यावर बसले. तिने माझ्यासमोरचा आडवा दांडा दोनदा ओढून पाहिला. काम चोख करते. मुलांचं वाईट चिंतावं असं माझ्या मनात काही नाही, तिला म्हटलं, असंच करत राहा.

चाक वर गेलं तेव्हा मंच दिसला. धाकटा बोलत होता. इथला प्रत्येक कामगार माझ्या देखरेखीखाली तयार झाला आहे, असं तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. तुझ्या शेजारी रिकामी खुर्ची होती. तू मान वर केलीस. मी हात केला. तुझाही हात उठला आई, खांद्यापर्यंत आला. मग तू त्याच्याकडे पाहिलंस आणि हात मांडीवर ठेवलास. मी उतरले आणि फाटकातून बाहेर पडले.

निळ्या पडद्यांच्या खोलीत मी येणार नाही. तुला इकडे यावंसं वाटलं तर दार उघडं आहे. मात्र त्याच्या गाडीने येऊ नकोस. कळव, मी आणायला येईन.

पत्रं लिहीत राहीन. तू म्हातारी आहेस, वाट बघशील. पण आजवर मनात येईल ते तुला लिहायचे, ते आता जमणार नाही. यापुढे प्रकृती लिहीन, हवा लिहीन. माझी प्रकृती चांगली आहे. इकडे हवा बरी आहे.

लोभ आहे. त्यावर विसंबून राहणं तेवढं सोडलं,
मोठी