अठ्ठेचाळीस मिनिटांच्या प्रश्नाबाबत खुलासा व विनंती

प्रति,
श्रीमती उर्मिला गोडांबे,
कार्यक्रम अधिकारी, स्थानिक इतिहास विभाग,
सिद्रा सार्वजनिक ग्रंथालय, दुबई.

विषय : श्री. अबुजर यांचे राहून गेलेले गाणे ६ डिसेंबरच्या कार्यक्रमात होण्यासाठी अर्जदारास त्या दिवसापुरता सभागृहात प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : आपला दि. ३ नोव्हेंबरचा ईमेल (जानेवारीअखेरपर्यंतचे कार्यक्रम मी घरूनच ऑनलाइन पाहावेत, असे सुचविणारा).

महोदया,

१. मी, सदानंद मुरलीधर भायदे, मूळचा मुरूडचा, हल्ली डिस्कव्हरी गार्डन्स येथे सहकुटुंब राहतो व दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधील एका पॅकेजिंग कारखान्यात क्वालिटीचे काम पाहतो. हा अर्ज मराठीत करीत आहे, कारण कार्यक्रमाच्या दिवशी आपण मला दोनदा "काका, प्लीज" म्हणालात. मुलगी ओवी हिने इंग्रजी अर्ज लिहून दिला होता. तो चार ओळींचा होता. त्यात माझी बाजू मावली नाही.

२. दि. १ नोव्हेंबर रोजी 'आफ्रिकेतून आखातात' या आपल्या कार्यक्रमात श्री. अबुजर (वय ८०) यांनी आपल्या आजीची हकिगत सांगितली. तिला सात-आठ वर्षांची असताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतात घालून इकडे आणले व एका मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी विकले. ती कुठली, हे तिला जन्मात कोणी विचारले नाही. यानंतर ते तिचे गाणे म्हणणार होते. मध्ये आपण "काही प्रश्न?" असे विचारले आणि मी उठलो.

माझा हेतू दोन मिनिटांचा होता, हे मी शपथेवर सांगू शकतो. माझ्या गावासमोर समुद्रात जंजिरा आहे व तेथे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी पिढ्यान्‌पिढ्या राज्य केले, एवढेच सांगायचे होते. परंतु जंजिरा म्हटले की तोफा येतात, तोफांवरून दरवाजा आणि दरवाजावरून वेढे. आपले सहकारी अर्श माईक घ्यायला आले, तेव्हा ते बॅटरी बदलायला आले असे समजून मी त्यांना थांबण्याची खूण केली. वाचनालय बंद होत असल्याची घोषणा झाली, तेव्हा अठ्ठेचाळीस मिनिटे झाली होती. माझ्या बोलण्यात प्रश्न कुठे होता, असे आपण ईमेलमध्ये विचारले आहे. तो मलाही सापडलेला नाही.

३. कार्यक्रम चांगला झाला, अशीच माझी समजूत होती. गाडीत ओवी म्हणाली, "बाबा, ही वॉज वेटिंग टु सिंग. द होल टाइम." तो म्हातारा माणूस मांडीवर ढोल घेऊन तेवढा वेळ माझ्याकडे बघत बसला होता आणि श्रोत्यांकडे तोंड करून बोलताना मी एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. त्यानंतर घरी पोहोचेपर्यंत मी बोललो नाही. ही गोष्ट पत्नी सौ. मंजुषा हिने प्रकृतीची चौकशी करण्याइतकी गंभीर मानली.

४. पुढच्या शनिवारी मंजुषाने दिलेल्या नारळाच्या वड्या घेऊन ओवी व मी रास अल खोरला गेलो. तेथे श्री. अबुजर यांच्या मुलाचे बोटीची इंजिने दुरुस्त करण्याचे वर्कशॉप आहे. माफीची चार वाक्ये मी पाठ केली होती. पहिले निम्मे झाले असेल, तोच ते हिंदीत म्हणाले, "बैठो. उस दिन मेरा भी एक सवाल था."

मी बसलो.

"उस किले के अंदर औरतें क्या गाती थीं?"

महोदया, जंजिऱ्याचे बुरूज किती, तोफा किती, हे मला तोंडपाठ आहे. पण तिथल्या बायका जात्यावर काय म्हणत, पोरांना काय गाऊन निजवत, यातली एकही ओळ मला येत नव्हती. बालपणाची पंधरा वर्षे मी त्या किल्ल्यासमोर काढली. हे कोणाला विचारावे, असे मला कधी सुचलेही नाही. मी "मालूम नहीं" म्हणालो. ते हसले, वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, "खलास. अब मेरी बारी."

मग त्यांनी आजीचे धान्य कांडण्याचे गाणे म्हटले. त्यातल्या काही शब्दांचा अर्थ त्यांनाही ठाऊक नाही; आजी म्हणायची तसे ते म्हणतात. पलीकडे इंजिन ठोकणाऱ्या कामगाराने हातोडा खाली ठेवला. गाणे अकरा मिनिटे चालले. बाहेर आल्यावर ओवी म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट इंटरप्ट. नॉट वन्स." हे प्रशस्तिपत्र समजून सोबतच्या कागदपत्रांत धरावे.

५. आता अडचण अशी आहे. आपल्या कार्यालयाने ६ डिसेंबरसाठी श्री. अबुजर यांना फोन केला असता, "वो किलेवाला सामने बैठेगा तो गाऊँगा," असे त्यांनी कळविले. आणि किलेवाला जानेवारीअखेरपर्यंत घरी बसणार आहे. तरी त्या दिवसापुरती सवलत मिळावी. मी माईकला हात लावणार नाही. माझ्या एका बाजूस ओवी व दुसऱ्या बाजूस मंजुषा बसेल. काही विचारायचे झाल्यास कागदावर लिहून देईन. कागद लहान असावा, असे मंजुषाचे म्हणणे आहे.

६. आणखी एक विनंती आहे, ती माझी नसून श्री. अबुजर यांची आहे. आपल्या पोस्टरवर 'पारंपरिक गीत, गायिका अज्ञात' असे छापले आहे. मालकाच्या घरी त्यांच्या आजीला मबरूका म्हणत, पण ते नाव मालकाने ठेवलेले. आईने ठेवलेले खरे नाव तिने फक्त या नातवाला सांगितले होते. ते त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले. तिसऱ्यांदा बरोबर आले. आजवर ते कोणत्याच कागदावर नव्हते.

'अज्ञात' हा शब्द काढून तेथे 'चाउसिकू' असे छापावे.

ऐकण्यास तयार असलेला,
सदानंद मुरलीधर भायदे
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) गाण्याचे ओवीने फोनवर केलेले रेकॉर्डिंग.
२) नावाची चिठ्ठी, श्री. अबुजर यांच्या हस्ताक्षरात. मूळ प्रत आहे, जपून ठेवावी, दुसरी नाही.