आबांकडे मागणी

१२ जून १९९४, परभणी

"लेकीनं मागू नये. दिलं तेवढं घ्यावं." – आबा म्हणाले होते. मी असेन दहा वर्षांची. बोरी गावचं आमचं रान, हुरड्याचे दिवस. मला फक्त आणखी एक कणीस हवं होतं.

आज एकाएकी आठवलं. आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेत. त्यांना आग्रह करकरून वाढताना!

१६ जून

डोळ्याला पट्टी. आबांना करमेना. ह्यांनी टायपिंग क्लासचा कॉम्प्युटर सुट्टीत घरी आणून ठेवलाय. त्यात खेळाची एक जुनी फ्लॉपी घातली. लेबल पुसलेलं, नाव कुणालाच ठाऊक नाही. हजारो वर्षांपूर्वीचा काळ. एक नदी, दोन राजे – एक आबा, एक मी. एकानं चाल करायची, मग दुसऱ्यानं. घाई नाही – आबांना हे आवडलं. पडद्यावरचं मी वाचून सांगते, ते हुकूम सोडतात, बटणं दोघांची मीच दाबते.

"तुमच्या नगराला नाव द्या आबा."

आबांनी डोळ्यावरची पट्टी नीट केली. मग – "धुरपता."

आईचं नाव! ती होती तोवर "ऐकलं का"च्या पुढं कधी गेले नाहीत.

१९ जून

लय हट्टी! तट बांधायचा तर विटा हव्यात, विटांना नदीकाठची माती. आबा भट्टी लावूच देत नाहीत. "काळी जाळून भिंती बांधायच्या? आन् मंग खायचं काय, विटा?"

माझे रथ वेशीवर उभे. त्यांचं रान हिरवंगार.

२१ जून

खेळात दूत पाठवून दुसऱ्या राजाकडे काही मागताही येतं. मी म्हटलं, "आबा, तुमच्याकडं मागणी आलीय."

सावरून बसले. "कुण्या गावची? पोरगा काय करतो?"

ह्यांच्या हातातला चहा सांडला हसून हसून.

"पोरीला नाही हो. नदीकाठची जमीन मागायलेत."

"न्हाई म्हन."

प्रत्येक वेळी मागते. प्रत्येक वेळी "न्हाई म्हन". माझ्याच मागणीला नकाराचं बटण मीच दाबायचं!

२४ जून

आबांना न्यायला भाऊ आला, चंद्रभान. डोळ्याची पट्टी सुटलीय, रविवारी निघणार. जेवताना सहज म्हणाला, ओढ्याकाठचा पट्टा वीटभट्टीवाल्याला द्यायचं ठरलंय.

आईचा पट्टा. दगड वेचून वेचून तिनं तो लागवडीत आणला. मिरच्या लावायची. बांधाला वाळकांचे वेल.

"आबा, तुम्ही तर भट्टी लावू देत नव्हता –"

आबा भाकरी कुस्करत राहिले. "त्यो खेळ हाय, बाई."

चंद्रभान हसला. "आक्का, लेकींना जमिनीत वाटा द्यायचा कायदा आलाय म्हनं पेपरात. पर तू बसत न्हाईस त्यात. तुझं लगीन आधीच झालंय!"

धाकट्या भावाची थट्टा. मी भाजी वाढली.

२५ जून

खेळलो नाही.

२६ जून, रविवार

चंद्रभान रिक्षा बघायला गेलाय. आबा आपणहून मशीनपुढं जाऊन बसलेत. "लाव की. येक डाव हुईल."

चहाचं निमित्त करून आत आलेय. मशीन लावणार नाही. काय म्हणतील ते माहीत आहे – पण या वेळी बटण नाही, त्यांना माझ्याकडं बघून म्हणावं लागेल.

आबा, आईचा पट्टा मला द्या.