नाव कुणी ठेवलं

नाशिक, जानेवारी २००१

लखनदादा,

सवीचा नमस्कार. मी बरी हाय, जेवण पोटभर मिळतं. आईचा गुडघा कसा हाय?

मी कामाला हाय ते सर आंधळे हायेत. नाटकातला एक नट पुस्तकं वाचतो, त्याच्या कॅसेटी ते दिवसभर ऐकतात. कॅसेटीत सुरवातीला वाचणाऱ्याचं नाव सांगतात, तेव्हाच कळलं, हे आपले बाबा. गोष्टीतली पोरगी सासरी निघाली की वाचता वाचता रडतात बी. सर म्हणतात, "किती मायेचा बाप असंल!" मी भांडी घासत राहते.

काल ते सरांना भेटाया घरी आले. आपल्या घरच्या फोटोतले काळे केस पार पिकलेत. मी चहा दिला. म्हटलं, आता वळखतील.

"नाव काय बाळ तुझं?" आवाज कॅसेटीतलाच, लय गोड.

"सविता."

"वा! कुणी ठेवलं?"

दादा, तूच सांगायचा ना, बारशाला नाव बाबांनीच ठेवलं, अन् मी रांगत असताना नाटक कंपनीसंगं गेले ते गेलेच.

मी म्हटलं, "आईनी."

ते "छान" म्हणले अन् चहात साखर मागितली.

हे आईला वाचून दाखवू नको. सांग, सवीला थंडी बाधत नाय.

तुझी,
सवी