क्रूसाखालची अक्षरं

१४ एप्रिल १९८५, रविवार

आमचा क्रूस पाडणार! चर्चमधल्या मिस्सेहून परत येताना पाहिलं. नाक्यावरच्या क्रूसावर रस्तेवाल्यांनी लाल आकडा मारलाय. अंधेरीची वाहतूक वाढली म्हणून आमच्या गावठाणाचा रस्ता रुंद करायचाय म्हणे. पपा तिथेच कट्ट्यावर बसले.

१६ एप्रिल

इंजिनिअरसाहेबांना भेटून आले. माणूस बरा वाटला. "पन्नास वर्षांहून जुना आहे असा पुरावा द्या, बाई. रस्ता वळवता येईल. दोन मेला बघायला येतो." मी म्हटलं, अहो, प्लेगातला आहे तो! "तोंडी नको. लेखी काय आहे?"

लेखी काहीच नाही. आणि मी शाळेत इतिहास शिकवते! पोरांकडून 'आमच्या रस्त्यावरच्या जुन्या खुणा' असा निबंध लिहून घेते, आणि स्वतःच्या दारातल्या खुणेचं साल मला ठाऊक नाही. धन्य ती बाई.

गोष्ट तेवढी पाठ आहे. माझे पणजोबा पास्कू यांनी प्लेग उतरल्यावर देवाचे उपकार म्हणून क्रूस बांधला. म्हणून दरवर्षी तीन मेच्या लादीनला, म्हणजे क्रूसापुढच्या प्रार्थनेला, पहिली मेणबत्ती आमच्या घरची. आणि प्लेग आणला शेजारच्या मॅथ्यूच्या पणजोबाने. तो बंदरावर हमाल होता. अजून त्यांना 'प्लेगवाले' म्हणतात. लादीनला ते मागे बसतात, उकडलेले चणे त्यांना शेवटी मिळतात. क्रूस रंगवायचं काम मात्र त्यांचंच. पाप फिटावं म्हणून! दुसऱ्या कोणी ब्रश लावायचा नाही.

२० एप्रिल, शनिवार

भर दुपारी गाव झोपलेलं असताना टर्पेंटाइन आणि कांदे कापायची जुनी सुरी घेऊन गेले. मॅथ्यूला विचारलं नाही. आमचा क्रूस, त्याला विचारायचं कसलं?

आधी निळा रंग, मग पांढरा, मग चुन्याचे थरच थर. त्याखाली चक्क लांबी भरलेली! रंगारी भिंतीच्या भेगा बुजवतात ती. कोणीतरी मुद्दाम भरलीय. उकरली. अक्षरं निघाली. मराठी. कागदावर उतरवून घेतली —

"सन १८९७. मी पास्कू. माझा पोर पेद्रू गाठीच्या तापाने पडला, तो प्लेगच्या साहेबापासून माळ्यावर लपवला. त्याच्यामुळे वाडीतली एकवीस माणसं गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याने माझ्यासाठी क्षमा मागावी."

पास्कू म्हणजे आमचा पास्कू!

ओढणी घट्ट बांधून ते झाकलं आणि घरी पळाले.

२१ एप्रिल

झोप नाही. हे उपकार नव्हेत, ही कबुली आहे! आणि आम्ही तिच्यासमोर नवे कपडे घालून मिरवतोय.

पपांना कागद दाखवला. दोनदा वाचला. चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "साल तेवढं ठेव. बाकीचं बुजव." मी म्हटलं, पपा, आणि मॅथ्यूचं घर? "आयरीन, माझं वय बघ. या वयात मला मान खाली घालायला लावतेस?"

माझे पपा! ज्यांनी मला शाळेतला सापडलेला खडूसुद्धा परत करायला पाठवलं होतं.

२३ एप्रिल

लांबी भरली कोणी, याचा विचार करत होते. उत्तर समोरच होतं. ब्रश एकाच घराचा.

मॅथ्यूकडे गेले. त्याची आई सेराफिना मावशी सुकट निवडत होती. मी कागद पुढे केला. तिने पाहिलाही नाही.

"म्हाईत हाय, बाय. तुजी पनजी आल्ती माज्या आजेसासऱ्याचे पाया पडाला. पास्कू ता लिवून मेला. गावानं वाचलं तं आमचं घर जाळतील, ल्हान पोरं हायत, म्हनाली. आजेसासऱ्यानं सबूद दिला. वरशाला आमी बुजवताव."

मी ओरडलेच, पण नाव तुमचं खराब झालं ना!

"ता आदीच झालेलं. त्यात आनी काय जानार व्हतं?"

मॅथ्यू दारात उभा होता. एवढंच म्हणाला, "खरडायच्या आधी एकदा विचारायचं होतंस, यार."

मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी मला चहा दिला. चहा!

२ मे

साहेब आले. अख्खं गाव जमलं. सगळं उघड होऊ दे म्हणून मी ओढणी काढली — आणि बघतच राहिले. दगड कोरा! सगळी अक्षरं बुजवलेली, वर निळा रंग, अजून ओला. फक्त '१८९७' मोकळं सोडलेलं. तेवढंच.

गर्दीच्या मागे मॅथ्यू चिंधीने बोटं पुसत होता.

साहेबांनी साल टिपून घेतलं. क्रूस राहणार, रस्ता वळणार! लोकांनी पपांना मिठ्या मारल्या. "पास्कूच्या पुण्याईनं!" पपांनी त्या मारू दिल्या. मीही गप्प राहिले. स्वतःची किळस येते.

३ मे

लादीनला पपा पहिली मेणबत्ती घेऊन पुढे झाले. मला राहवलं नाही. कागद काढून सगळं मोठ्याने वाचलं, पास्कूपासून क्षमेपर्यंत. पपा मेणबत्ती तशीच धरून उभे. मला वाटलं होतं, सेराफिना मावशी रडेल, मला जवळ घेईल. ती मागून उठून माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "चार पिढ्या सबूद पाळला आमी. तू कोन तो मोडनारी?"